टँकरची वही: कासारवडवलीतलं एक प्रकरण

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या काही सोसायट्यांचे हिशेब मी लिहितो. उत्पन्न-खर्च पत्रकात एक ओळ अशी असते की तिच्यावरून सर्वसाधारण सभेत आवाज चढला नाही असं वर्ष मला आठवत नाही: ‘पाणी खर्च (टँकर)’. लिफ्टच्या दुरुस्तीवर कुणी फारसं बोलत नाही, कारण लिफ्ट बंद होती हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. टँकर मात्र रात्री साडेअकराला येतो, पहाटे पाचला येतो. तो आला हे सांगणारे दोघंच, वॉचमन आणि टँकरचा ड्रायव्हर. पुरावा म्हणजे गेटवरची वही आणि टाचणी मारलेला पावत्यांचा गठ्ठा.

या वहीच्या जागी बसणारं एक छोटं साधन सहा आठवड्यांच्या ऑनलाइन अ‍ॅक्सिलरेटरमध्ये कसं उभं राहिलं आणि पुढे त्याचं काय झालं, त्याचं हे प्रकरण. (नव्या धंद्याला ठरावीक मुदतीत उभं राहायला मदत करणाऱ्या प्रोग्रॅमला अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात.) सोसायटीचा अकाउंटंट म्हणून मी यात बाजूचा माणूस. कुणाचीही नावं देत नाही, प्रोग्रॅमचंही नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: प्रोग्रॅमचं घड्याळ आठवड्याचं होतं आणि गिऱ्हाइकाचं वर्षाचं. या प्रकरणातलं बरंवाईट जवळजवळ सगळं तिथूनच निघालं.

गरज कुठून आली

सोसायटी कासारवडवलीची. चार विंग, १६० फ्लॅट. घरटी चार माणसं धरली आणि शहरी पाणीपुरवठ्यात धरतात तो माणशी रोज १३५ लिटरचा मापदंड लावला, तर रोजची गरज ८६,४०० लिटर होते. नळाने येतं साधारण ६० हजार. उरलेल्या २६ हजारांसाठी १० हजार लिटरचे दोन-तीन टँकर. ठाणे महापालिकेचं स्वतःचं धरण नाही. स्वतःची योजना, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून शहराचं पाणी गोळा होतं. खाडीपलीकडे नवी मुंबईच्या हाती मोरबे धरण आहे. त्यामुळे जिने हे साधन बनवलं तिच्या ऐरोलीच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांना तिचा विषयच आधी कळेना. रोज टँकर? बिल्डिंग नवीन आहे ना?

ती एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे दिवसभराचं काम. सोसायटीचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यांचे काका. दर महिन्याच्या दोन तारखेला टँकरवाल्याचं बिल, वही आणि पावत्या घेऊन ते हॉलमध्ये बसत आणि तीन कागदांतून तीन वेगळे आकडे निघत. काकांनी हिला एकदा सहज म्हटलं, “अगं, तुम्ही एवढं कॉम्प्युटरवर करता, हे एक करून दे की.” हिने मनावर घेतलं. फोनने टँकरचा फोटो काढायचा, फोटोवरून गाडीचा नंबर आपोआप वाचला जायचा, नोंद व्हायची. रविवार-रविवार करत ते काम बरेच महिने रखडलं होतं. धुळीने माखलेल्या, वाकलेल्या नंबरप्लेटवरचा ‘८’ आणि ‘३’ त्या सॉफ्टवेअरला वेगळे ओळखता येत नव्हते, आणि ती त्याच्याशीच झुंजत होती.

प्रोग्रॅम

या प्रोग्रॅमांचा साचा अमेरिकेतला. वाय कॉम्बिनेटर या तिथल्या अ‍ॅक्सिलरेटरने २००५ मध्ये तुकडी पद्धत सुरू केली: सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची, ठरावीक मुदतीत काम करायचं, शेवटी प्रात्यक्षिकाचा दिवस. २०१७ मध्ये त्यांनी स्टार्टअप स्कूल नावाने यातलं शिकवणं ऑनलाइन आणि मोफत खुलं केलं. नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीला काम करणाऱ्यांसाठी बिल्डस्पेस नावाच्या संस्थेचा सहा आठवड्यांचा उपक्रम बराच गाजला. ती संस्था २०२४ मध्ये बंद झाली, पण साचा इतरांनी उचलला. हिचा प्रोग्रॅम याच जातीचा. फी नाही, कंपनीत हिस्सा मागत नाहीत, पैसेही देत नाहीत. पाच जणांचा गट, दर रविवारी एक लेखी अहवाल आणि त्यात एक आकडा, दर शनिवारी रात्री ९ वाजता कॉल. कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असत. मुदत २१ एप्रिल ते ३१ मे २०२५.

अर्ज करण्याआधी तिने एक काम केलं ते मला फार आवडलं. नियुक्तीपत्र काढून वाचलं. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं, तेव्हापासून ऐरोली-महापे पट्ट्यात ‘मूनलायटिंग’ (नोकरी करता करता बाहेरचं दुसरं काम) हा शब्द लिफ्टमध्येसुद्धा हळू आवाजात उच्चारतात. तिच्या पत्रात दोन कलमं होती. एक, दुसरी नोकरी करायची नाही. दुसरं, नोकरीच्या काळात कंपनीच्या कामाशी संबंधित जे बनवाल ते कंपनीचं. तिने एचआरला मेल करून काय बनवते आहे ते सांगितलं. उत्तर गुळमुळीत आलं: हितसंबंधांचा संघर्ष नसेल आणि कामावर परिणाम होणार नसेल तर हरकत नाही. पण लेखी आलं. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं इंटरनेट, ऑफिसच्या वेळेबाहेरचं काम, एवढं तिने पाळलं. जोडधंदा करणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो. ते ऐकत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

गेट

दुसऱ्या आठवड्याचा स्वाध्याय असा होता: जो माणूस तुमचं साधन हाताळणार, त्याच्या शेजारी प्रत्यक्ष उभे राहा, काही शिकवू नका, फक्त बघा. ती तोवर तीन सेक्रेटरी आणि काकांशी बोलली होती. वॉचमनशी बोलली नव्हती. मग एका रात्री साडेअकराला गेटवर जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली.

टँकर आला. वॉचमनने गेट उघडलं, मागे येणाऱ्या रिक्षाला हात दाखवला, टाकीचं झाकण सरकवलं, ड्रायव्हरबरोबर पाइप ओढला. त्याचे दोन्ही हात ओले. सोसायटीचा फोन केबिनमध्ये, काच तडकलेला. टँकर रिकामा होईपर्यंत आणखी दोन गाड्या आत आल्या, एक जेवणाची डिलिव्हरी आली. शेवटी ड्रायव्हरने पावती पुढे केली आणि वॉचमनने अंगठा पँटला पुसून सही केली. वहीत नोंद झाली ती वीस मिनिटांनी, आठवेल तशी.

तिने विचारलं, गाडीचा नंबर लक्षात कसा राहतो? तो हसला. “मॅडम, सात ही गाड़ी आती हैं. वही सात.”

इतके महिने ती जे फोटोवरून वाचायला शिकवत होती ते फक्त सात गाड्यांचे नंबर होते. त्या आठवड्यात तिने नंबर वाचणारं सगळं बाजूला ठेवलं आणि फोनच्या पडद्यावर सात मोठी बटणं दिली, ओल्या अंगठ्याने दाबता येतील अशी. बटण दाबलं की गाडी, तारीख, वेळ शीटमध्ये जाते. मागे गूगल शीट आणि थोडी स्क्रिप्ट, खर्च शून्य. गटातल्या एकाने म्हटलं, यात तंत्रज्ञान काय उरलं? मला विचाराल तर सहा आठवड्यांतलं सगळ्यात मोलाचं काम त्या एका रात्रीत झालं. ते प्रोग्रॅमच्या स्वाध्यायामुळेच झालं, हेही कबूल केलं पाहिजे. एरवी ती अजून नंबरप्लेटच पुसत बसली असती.

पट्टी

टँकर किती आले हे कळलं. टँकर भरलेला होता का, हा पुढचा प्रश्न. सभेत याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं आणि यातलं सगळ्यात कमी कुणाला ठाऊक असतं, म्हणून इथे जरा थांबतो.

जमिनीखालची टाकी आतून ५ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे तळ २० चौरस मीटर. १० हजार लिटर म्हणजे १० घनमीटर. भागाकार केला की टँकर पूर्ण रिकामा झाल्यावर पातळी बरोबर ५० सेंटिमीटर चढली पाहिजे. एक सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर. यासाठी सेन्सर लागत नाही, फूटपट्टी पुरते. प्रोग्रॅममधल्या मार्गदर्शकाने अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनिलहरींनी पातळी मोजणारा) सुचवला होता, पण बंद टाकीत सेन्सरच्या तोंडावर सतत बाष्प धरतं, आणि तो बिघडला की वॉचमन काय करणार? त्यातून रात्री टाकीत डोकावून मोजायला लावणंही धोक्याचं. सोसायटीच्या प्लंबरने उपाय काढला: आत तरंगणारा फ्लोट, त्याला नायलॉनची दोरी, कप्पीवरून बाहेर, टोकाला वजन, आणि भिंतीवर रंगवलेली सेंटिमीटरची पट्टी. पाणी चढलं की वजन खाली येतं, म्हणून पट्टीवरचे आकडे वरून खाली वाढत जातात. आधीचा एक आणि नंतरचा एक, असे पट्टीचे दोन फोटो काढायचे.

पहिल्या काही दिवसांत आकडे ४६ ते ४९ आले आणि मध्येच एक ४१. लगेच टँकरवाल्यावर संशय. तिने वेळा तपासल्या, तेव्हा ४१ च्या वेळी पाणी गच्चीवर चढवणारा पंप चालू होता असं निघालं. वरच्या टाकीत पाणी जात असताना खालच्या टाकीची पातळी मोजून काही कळत नाही. नळाचं पाणी येत असेल तर उलट चूक होते, आकडा फुगतो. मग नियम ठरला: टँकर रिकामा होईपर्यंत पंप बंद, नळाचा व्हॉल्व्ह बंद. वाचताना एखाद सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच, त्यामुळे या पट्टीने हजार लिटरची तूट पकडता येते, दोनशेची नाही. हे तिने स्वतः काकांना लिहून दिलं. टेस्टरची सवय.

आता पुढची पायरी सरळ दिसत होती: ४५ च्या खाली आकडा गेला की सेक्रेटरीच्या फोनवर इशारा. तिने तो बसवला. चौथ्या आठवड्यात काकांनी तो बंद करायला लावला.

“मे महिन्यात टँकरवाल्याशी भांडायचं नसतं,” काका म्हणाले. “उद्या तो गाडी पाठवणार नाही. मग १६० घरं माझ्या दारात.”

हे प्रोग्रॅमच्या कुठल्याही धड्यात नव्हतं. तूट दिसणं आणि तुटीबद्दल बोलता येणं, यात मे महिना उभा असतो. उन्हाळ्यात टँकरवाल्याला गिऱ्हाइकं ढीगभर. सोसायटीला टँकरवाले दोन-तीन. शिवाय रात्री ड्रायव्हरशी वाद घालायचा तर तो वॉचमनने घालायचा, सेक्रेटरी तेव्हा झोपलेला. काकांना रात्रीचा इशारा नको होता, महिन्याच्या दोन तारखेला एक कागद हवा होता: बिलात किती, नोंदीत किती, फरक कुठल्या तारखांना. फोटो मागे जपून ठेवायचे. दिवाळीनंतर दर ठरवायला बसताना ते काढता येतील. साधन पुन्हा एकदा लहान झालं आणि माझ्या मते तेव्हाच ते सोसायटीच्या उपयोगाचं झालं.

आकडा

दर रविवारी प्रोग्रॅमला एक आकडा द्यायचा असे आणि तो वाढत गेला पाहिजे अशी अपेक्षा. यामागे वाय कॉम्बिनेटरचे सहसंस्थापक पॉल ग्रॅहम यांनी २०१२ मध्ये मांडलेला मापदंड आहे: त्यांच्याकडच्या तुकडीतल्या कंपनीने आठवड्याला ५ ते ७ टक्के वाढ दाखवली तर चांगली. ७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षभर चक्रवाढीने टिकलं तर तेहतीस पटींच्या वर जातं. हिने आकडा निवडला ‘आठवड्यातल्या टँकर नोंदी’. दुसऱ्या आठवड्यात १४, तिसऱ्यात १९, चौथ्यात ३८, पाचव्यात ५२. आलेख असा चढला की गटातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी ती शीट बघितली ती हिशेबनिसाच्या नजरेने. चौथ्या आठवड्यात शेजारच्या दोन सोसायट्या जोडल्या गेल्या होत्या, ही खरी वाढ. पण मूळ सोसायटीतच नोंदी १४ वरून २४ वर गेल्या होत्या. त्यात साधनाचं कर्तृत्व काय? नळाचा दाब कमी झाला आणि प्लॉटवरची जुनी विहीर आटली. फ्लशिंगचं पाणी त्या विहिरीचं, त्यामुळे तेही टँकरवर आलं. उन्हाळा तिच्या आलेखात शिरला होता.

आणि मग २६ मे उजाडला. त्या दिवशी मान्सून मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. १९५० पासून इतका लवकर तो कधीच आला नव्हता. वळवाच्या सरी आधीच येऊन गेल्या होत्या. विहिरीला पाणी चढलं, फ्लशिंगची टाकी पुन्हा विहिरीवर गेली. मूळ सोसायटीच्या नोंदी २४ वरून ११ झाल्या, तिन्ही मिळून ५२ वरून ३३. हा नेमका सहावा आठवडा. शनिवारी, ३१ तारखेला प्रात्यक्षिक.

गटातल्या दोघांनी सुचवलं की आलेख पाचव्या आठवड्यापर्यंतच दाखव. तिने पूर्ण दाखवला आणि खाली एक ओळ लिहिली: पाऊस आला. दोन मिनिटांच्या सादरीकरणातला निम्मा वेळ ठाण्यात पाऊस आल्यावर टँकर का कमी होतात हे समजावण्यात गेला. दुसऱ्या टोकाला बसलेल्यांना ते कितपत कळलं कुणास ठाऊक. त्यांचा निष्कर्ष: विषय चांगला, बाजारपेठ लहान, हंगामी.

बाजारपेठ लहान आहे, यात खोटं काही नाही. पण आकडा दुसरा निवडायला हवा होता: किती सोसायट्यांनी महिन्याचं बिल या नोंदीशी ताडून मग चेक काढला? तो आकडा सहा आठवडे शून्यच राहिला असता, कारण बिल येतं महिन्याच्या शेवटी आणि चेक निघतो नंतर. दर रविवारी शून्य लिहायचं धैर्य सोपं नाही. प्रोग्रॅमची रचनाही तसं करू देत नाही.

दोन तारीख

जूनच्या दोन तारखेला काका, ती आणि मी बसलो. मेचं बिल ८८ टँकरचं. नोंदी ८३. काकांचे डोळे चमकले. तासाभरात पाचाचा उलगडा झाला. तीन टँकर खरोखर आले होते. रात्रीपाळीला बदली वॉचमन होता आणि त्याला बटणं कुणी दाखवलीच नव्हती, पावतीवर मात्र त्याची सही होती. उरलेले दोन शेजारच्या सोसायटीत रिकामे होऊन आमच्या बिलात चढले होते. टँकरवाल्याने ते दोन हूं की चूं न करता वजा केले. बिल ८६ चं झालं.

पैसा किती वाचला विचाराल तर दोन टँकरचा, किरकोळ. पण काकांनी हा एक पानाचा कागद जूनच्या कमिटी मीटिंगमध्ये फिरवला आणि पाणी खर्चावर कुणी काही बोललं नाही. माझ्या धंद्यात ही घटना आहे.

चेक

किंमत ठरवताना पुन्हा दोन घड्याळांची गाठ पडली. प्रोग्रॅमचा धडा: पहिल्या आठवड्यापासून पैसे मागा, कार्डावर दरमहा आपोआप कापले जातील असं बटण लावा. सोसायटीकडे कार्ड नसतं. चेक असतो, त्यावर दोन सह्या लागतात, आणि सही करणारा एक जण मेमध्ये हमखास गावी असतो. काका म्हणाले, महिन्याला पाचशे नको, वर्षाचे सहा हजार एकदम लिही, एक बिल, एक व्हाउचर, ऑडिटरला बरं. पण नवा वार्षिक खर्च म्हणून ते सभेपुढे न्यायचं ठरलं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. त्याआधी ऑडिट.

म्हणजे ३१ मेला प्रात्यक्षिक संपलं आणि पहिला रुपया मिळायला चार महिने. मधल्या काळात प्रोग्रॅमच्या गटातला संवाद आपोआप विरला. पाचपैकी तिघांनी आपापलं काम सोडलं होतं. हिने सोडलं नाही. वॉचमन रोज बटण दाबत होता, ते बंद केलं असतं तर तो पुन्हा वहीवर गेला असता. तेवढ्या महिन्यांत तिने नवं काही बनवलं नाही. बदली वॉचमनसाठी केबिनच्या भिंतीवर हिंदीत चार ओळींचा कागद लावला, आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली, कारण बिल द्यायचं तर कुठल्या तरी नावाने द्यायला हवं. नोंदणी मोफत, आधार-पॅनवर होते.

सप्टेंबरच्या सभेत विषय सातवा होता. एका सभासदाने विचारलं, हिलाच का द्यायचं, ती याच सोसायटीत राहते, कोटेशनं मागवा. प्रश्न रास्त होता आणि तिला तो लागला. काकांनी एक वर्षापुरतं, मग फेरविचार, असा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सहा हजारांचा चेक निघाला. कुठल्या खात्यावर टाकायचा यावर काका आणि मी थोडे अडलो. शेवटी गेला ‘छपाई व लेखनसामग्री’वर, कारण वहीचा खर्च तिथेच पडायचा. दुसऱ्या सोसायटीनेही नंतर दिला. तिसरीने वापरणं सोडलं. तिथला सेक्रेटरी बदलला.

सध्याचा पेच

ऑक्टोबरमध्ये तिला फोन आला तो सोसायटीचा नव्हताच. टँकरवाल्याचा. त्याच्या सात गाड्या दिवसभर कुठे रिकाम्या होतात हे त्यालाही ड्रायव्हरच्या तोंडूनच कळतं. मेचे ते दोन टँकर चुकीच्या बिलात कसे गेले याचा त्याने मागे शोध घेतला होता, आणि ड्रायव्हरनेच पावत्या अदलाबदल केल्याचं त्याला कळलं होतं. त्याला सगळ्या गाड्यांसाठी हेच हवं आहे, पैसे गाडीमागे द्यायला तयार आहे, आणि त्याला कुठली सभा भरवायची नाही. “मॅडम, बोला, आज ट्रान्सफर करतो.”

प्रोग्रॅमच्या दृष्टीने हाच खरा ग्राहक. एका दिवसात हो म्हणणारा, बारा महिने धंदा असणारा, पन्नासेक सोसायट्यांत रोज जाणारा. काका मात्र बिथरले आहेत. ज्याच्यावर लक्ष ठेवायला वही बनवली, त्याच्याच पैशावर वही चालणार असेल तर सभेत मी काय तोंड दाखवू, असं त्यांचं म्हणणं. ती काकांच्या बाजूने झुकते आहे.

माझं मत वेगळं. नोंद एकच असू दे, वॉचमन आणि ड्रायव्हर दोघांनी बटण दाबायचं, दोघांना सगळं दिसेल, आणि एकदा झालेली नोंद कुणालाही पुसता येणार नाही. बँकेच्या पासबुकावर खातेदार आणि बँक दोघांचा भरवसा असतो तो काही बँक फुकट चालते म्हणून नसतो. मी हे तिला सांगितलं. तिने विचारलं, “आणि पट्टीचे फोटो? तेही त्याला दाखवायचे?”

त्यावर आमचं अजून जमलेलं नाही. फोटो दाखवले तर दिवाळीनंतरच्या दरबोलणीत सोसायटीच्या हातचं पान उघडं पडतं. लपवले तर नोंद एकच असल्याचं सांगण्यात अर्थ राहत नाही. टँकरवाल्याला तिने महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं आहे.